मदत हवी आहे : वयस्कर आईच्या न्हाणीघरासाठी जमिनीच्या फरश्या कोणत्या घ्याव्यात?

नमस्कार.

कोथरूडमधील आमच्या जुन्या सदनिकेतील न्हाणीघराचे काम काढायचे ठरले आहे. त्यासाठी फरश्यांच्या निवडीबाबत येथील जाणकारांचे, आणि विशेषतः ज्यांच्या घरी वयस्कर माणसे आहेत अशा सभासदांचे, मत हवे आहे. न्हाणीघर साधारण सात फूट बाय साडेचार फूट असून जमिनीला मूळची शहाबादी आणि भिंतींना चार फुटांपर्यंत पांढऱ्या ग्लेझ्ड टाइल्स आहेत. ते मुख्यतः माझी आई वापरते. तिचे वय 78 आहे, काचबिंदूमुळे नजर अधू झाली आहे, आणि शॉवर न घेता ती स्टुलावर बसून बादलीतल्या पाण्याने अंघोळ करते. त्यामुळे सगळी जमीन रोज ओली होते आणि साबणाचे पाणी जाळीकडे जाताना तिच्या पायांखालूनच जाते.

खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांच्या छताला ओल आली आहे, म्हणून कोबा काढून वॉटरप्रूफिंग नव्याने करावे लागणार आहे. जुन्या फरशीवरच नवी चिकटवून घेण्याचा सल्ला एका दुकानात मिळाला होता. परंतु त्याने ओल तशीच राहील आणि जमिनीची पातळी दीडेक सेंटिमीटर वर येऊन उंबऱ्याची अडवण कमी होईल, म्हणून तो विचार आम्ही सोडून दिला. भिंतींचा प्रश्नही फारसा अवघड नाही. तेथे कोणी चालत नाही, वजन पडत नाही, त्यामुळे साध्या सिरॅमिकच्या 12 बाय 18 इंची फिकट टाइल्स पुरेशा आहेत असे माझे मत झाले आहे. खरी अडचण जमिनीची आहे.

सिंहगड रस्त्यावरील आणि सातारा रस्त्यावरील काही दुकाने पाहिली. बहुतेक ठिकाणी माल गुजरातमधील मोरबीचा आहे आणि विक्रेते ‘मॅट’ किंवा ‘अँटिस्किड’ एवढेच सांगतात. मॅट म्हणजे चकाकी नसलेली. ती ओली झाल्यावर घसरणार नाहीच, असा त्याचा अर्थ होत नाही. माझ्या वाचनाप्रमाणे फरशीच्या पकडीसाठी आर 9 ते आर 13 ही जी श्रेणी सांगितली जाते, तिची चाचणी उतरत्या पृष्ठभागावर तेल टाकून आणि बूट घालून केली जाते, तर ओल्या जमिनीवरील अनवाणी पायांसाठी ए, बी आणि सी असे चढत्या पकडीचे वेगळे वर्ग आहेत. न्हाणीघरात आपण अनवाणीच असतो, त्यामुळे मला यांपैकी बी वर्ग अधिक उपयोगाचा वाटतो. परंतु मी विचारले त्या दुकानांत ही माहिती कोणालाच देता आली नाही. पुण्यात कोणी हा वर्ग पाहून फरशी विकत घेतली आहे का, आणि खोक्यावर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात तो नेमका कोठे छापलेला असतो, हे कृपया सांगावे. तूर्त मी दुकानातून नमुन्याची एकेक फरशी घरी आणून, तिच्यावर साबणाचे पाणी ओतून, पायाने घासून पाहतो आहे. त्यात असे दिसले की फार खरखरीत फरशीवर पाय ठरतो खरा, पण साबणाचा थर तिच्या खाचांत बसतो आणि तो तसाच राहिला तर तीच फरशी निसरडी होते.

आकाराबाबत गवंडी आणि दुकानदार यांच्यात एकमत नाही. दुकानदार दोन बाय दोन फुटांची व्हिट्रिफाइड (घट्ट भाजलेली, पाणी जवळजवळ न शोषणारी) फरशी सुचवतात, कारण सांधे कमी येतात. गवंडी म्हणतात की जाळी कोपऱ्यात असताना जमिनीला दोन्ही बाजूंनी ढाळ द्यावा लागतो, आणि मोठी फरशी वाकत नसल्यामुळे ती तिरकी कापावी लागते किंवा मधे पाणी साचते. मीटरला साधारण एक सेंटिमीटर ढाळ धरला तर त्यांचे म्हणणे मला पटते, आणि एक बाय एक फुटाच्या फरशीकडे माझा कल आहे. सांध्यांच्या कडांमुळे पायाला थोडा आधारही मिळतो. मात्र त्याच जागेत सांध्यांची लांबी जवळपास दुप्पट होते आणि ग्राऊटचा, म्हणजे सांध्यांत भरायच्या मिश्रणाचा, प्रश्न उभा राहतो. साध्या सिमेंटचे ग्राऊट पाणी शोषते आणि ॲसिडने धुतल्यास झिजते. इपॉक्सी (रेझिनचे) ग्राऊट महाग असले तरी टिकाऊ आहे, परंतु खरखरीत फरशीवर ते लगेच पुसले नाही तर त्याचा चिकट थर कायमचा राहतो, असे गवंड्यांनी सांगितले. ज्यांनी अशा फरशीवर इपॉक्सी भरून घेतले आहे त्यांचा अनुभव मला फार मोलाचा वाटेल.

आता रंगाविषयी. घरातील इतरांना सगळे न्हाणीघर एकाच फिकट रंगाचे हवे आहे, कारण ते मोठे आणि उजेडाचे वाटते. मला ते आईसाठी योग्य वाटत नाही. नजर अधू असलेल्या माणसाला जमीन कोठे संपते आणि भिंत कोठे सुरू होते हे रंगातील फरकावरूनच चटकन कळते, आणि चकाकणाऱ्या फरशीवर पडलेला दिव्याचा प्रकाश डोळ्यांना त्रास देतो. म्हणजे भिंत फिकट आणि जमीन गडद हवी. पण उन्हाळ्यात आमच्या इमारतीच्या टाकीत महापालिकेच्या पाण्याबरोबर बोअरचे पाणीही सोडले जाते. त्या क्षारांचे पांढरे डाग काळ्या किंवा गर्द निळ्या फरशीवर लगेच उठून दिसतात, आणि ते काढण्यासाठी पुन्हा ॲसिड वापरण्याचा मोह होतो. मध्यम राखाडी रंगाची, चकाकी नसलेली फरशी या दोन्हींच्या मधला मार्ग ठरेल का?

आणखी एक विचार मनात आहे, तोही मांडतो. हाच राखाडी रंग आणि हीच पकड शहाबादीला मुळातच आहे; आई इतकी वर्षे तिच्यावर निर्धास्त वावरली आहे. ती चुनखडीच्या जातीचा दगड असल्यामुळे ॲसिड तिला चालत नाही आणि ती पाणीही शोषते, हे मला ठाऊक आहे. तरीही नव्या वॉटरप्रूफिंगवर पुन्हा शहाबादीच बसवून तिला सीलर (पाणी मुरू न देणारा लेप) लावून घेतलेले कोणी येथे आहे का? सीलर लावल्यावर तिची पकड कमी होते का, आणि तो किती काळाने पुन्हा लावावा लागतो?

फरश्या एकाच बॅचच्या आणि दहा टक्के जास्त घेणार आहोत. व्हिट्रिफाइड घेतली तर ती पाणी जवळजवळ शोषत नसल्यामुळे नुसत्या सिमेंटच्या घोळावर न बसवता टाइल ॲडेसिव्हने बसवू. वॉटरप्रूफिंगनंतर पाणी किमान 24 तास भरून ठेवून खालच्या शेजाऱ्यांकडे पाहणी करू, आणि ते समाधानकारक वाटल्याशिवाय फरशी बसवायला घेणार नाही. गवंडी दिवाळीनंतर काम सुरू करणार आहेत आणि जमिनीची फरशी कोणती हे त्यांना त्याआधी कळवायचे आहे. या मुद्द्यांपैकी एकाबाबतही प्रत्यक्ष अनुभव असेल तर कृपया लिहावे. फरशी बसवून किती वर्षे झाली हेही सोबत कळवल्यास निर्णय घेणे सोपे जाईल.