मदत हवी आहे : डक्टेड एसीच्या रिटर्न एअरची जाळी कुठे बसवावी?

नमस्कार. खारघरमधील आमच्या फ्लॅटमध्ये डक्टेड एसीचे (एकाच यंत्रातून डक्टने, म्हणजे हवेच्या नळ्यांनी, खोल्यांत थंड हवा नेणाऱ्या एसीचे) काम सुरू असून, फॉल्स सीलिंग बंद होण्यापूर्वी रिटर्न एअरच्या, म्हणजे खोल्यांतून यंत्राकडे परतणाऱ्या हवेच्या, जाळीची जागा निश्चित करायची आहे. कंत्राटदार पॅसेजच्या छतात एकच मोठी जाळी सुचवतात. परंतु रात्री बेडरूमची दारे लावल्यावर आत सोडलेल्या हवेला परतीची वाट उरणार नाही आणि खोलीतील दाब वाढून थंड हवा येणेच मंदावेल, ही माझी मुख्य काळजी आहे. दाराखाली जेमतेम बोटभर फट आहे. एसीच्या दर टन क्षमतेमागे मिनिटाला साधारण 400 घनफूट हवा फिरते हे पाहता ती फट पुरेशी वाटत नाही. अशा वेळी प्रत्येक बेडरूममधून स्वतंत्र रिटर्न डक्ट न्यावा, की दारावरच्या भिंतीत आरपार जाळी बसवावी? जाळीतून खोलीतले बोलणे बाहेर ऐकू येईल, ही घरच्यांची हरकत मला रास्त वाटते.

डक्टऐवजी सीलिंगची पोकळीच रिटर्नसाठी वापरण्यास मात्र माझा ठाम नकार आहे, कारण तिथली सिमेंटची धूळ थेट यंत्रात ओढली जाईल. ठाणे-नवी मुंबईत असे काम करून घेतलेल्यांनी, विशेषतः बीमखालून रिटर्न डक्ट नेताना उंची कशी सांभाळली, हे कृपया सविस्तर सांगावे.