नवख्यांना पहिल्याच रविवारी सोर्सवरून कंपाइल करायला लावणं: शिक्षण की शिक्षा?

मांडवीकर

बडोद्यातल्या आमच्या रविवारच्या ओपन सोर्स गटात एक प्रथा पडली आहे. कॉलेजचं कोणी नवीन आलं की पहिलं काम हेच: घरच्या डेस्कटॉपवर बिल्ड टूल्स बसवायची आणि एखादं सॉफ्टवेअर सोर्सवरून कंपाइल करून, म्हणजे मूळ कोडपासून चालता प्रोग्रॅम स्वतः बांधून दाखवायचं. ते जमल्याशिवाय पुढचं काही नाही. मला ही प्रथा बंद व्हायला हवी आहे.

होतं काय, की पोरगा हौसेने मशीन तपासणारी कन्फिगर स्क्रिप्ट चालवतो आणि 'झेडलिब' लायब्ररीची 'झेडलिब डॉट एच' ही फाइल सापडत नाही म्हणून गाडं अडतं. लायब्ररी तर मशीनवर असतेच! मग कोणीतरी सांगतं की लायब्ररी (तयार कोडचा साठा) वेगळी आणि कंपाइलरला तिची ओळख करून देणाऱ्या हेडर फाइली वेगळ्या. लिनक्सच्या उबंटू वाणावर 'डेव्ह' शेपटाचं पॅकेज लागतं, फेडोरा वाणावर 'डेव्हेल'चं. ते घालावं तर दुसरं हेडर नाही. विंडोजवाल्यांचे हाल तर विचारूच नका. घरात एकच कॉम्प्युटर, यूजर फोल्डरचं नाव 'आई बाबा', मधे स्पेस. मेक हे बिल्ड चालवणारं १९७६ सालचं हत्यार, स्पेस असलेले पाथ त्याला आजही धड झेपत नाहीत. पोराला वाटतं आपल्यालाच अक्कल नाही, आणि तो पुन्हा फिरकत नाही.

शिवाय एवढं करून हाती काय येतं? एप्टने, म्हणजे उबंटूच्या तयार पॅकेजं उतरवणाऱ्या आज्ञेने, एका मिनिटात मिळालं असतं तेच. उलट यूएसआर-लोकल फोल्डरमध्ये हाताने बसवलेली ही प्रत एप्टच्या हिशेबातच नसते. उद्या त्यात सुरक्षेचं भोक सापडलं तर अपडेट कोण आणणार? वेगाचं म्हणाल, तर रोजच्या वापराच्या प्रोग्रॅममध्ये तो फरक जाणवतही नाही. जेन्टू या लिनक्स वाणाची तर ओळखच मुळी घरी कंपाइल करण्याची. डिसेंबर २०२३पासून तेसुद्धा मोठ्या प्रमाणावर तयार बायनरी (आधीच कंपाइल केलेली) पॅकेजं देतात.

सौ. सेगफॉल्ट

काका, तुम्ही ज्याला अडथळा म्हणता तोच तर धडा आहे. कंपाइल करताना काय लागतं, लिंक करताना (तुकडे एकत्र जोडताना) काय लागतं आणि चालवताना काय लागतं, हे तीन वेगळे प्रश्न आहेत हे त्या हरवलेल्या हेडरमुळेच कळतं. लॅबमध्ये हिरवं बटण दाबून प्रोग्रॅम चालवणारी शेवटच्या वर्षाची मुलं मी मुलाखतीत बघते. 'अनडिफाइन्ड रेफरन्स' ही एरर दिसली की कोडमध्ये चूक शोधत बसतात. लिंकरला लायब्ररी दिलीच नाही, हे डोक्यातच येत नाही.

गटात शिकवायची पद्धत चुकते आहे, हे मात्र मान्य. एकेक हेडर शोधत बसायचं कारणच नाही. उबंटूवर आधी 'बिल्ड-इसेन्शियल' घाला; त्यात जीसीसी आणि जी++ हे कंपाइलर, मेक आणि सी लायब्ररीची हेडर्स एकदम येतात. मग 'एप्ट बिल्ड-डेप' आणि पुढे सॉफ्टवेअरचं नाव. ते पॅकेज बांधायला डेबियनवाल्यांना (उबंटू ज्यावर उभं आहे ते) जे जे लागतं ते सगळं उतरतं. फक्त आधी सोर्स रिपॉझिटरी चालू करावी लागते. उबंटू २४.०४मध्ये 'उबंटू डॉट सोर्सेस' फाइलमध्ये 'डेब'च्या शेजारी 'डेब-एसआरसी' लिहायचं, मग एप्ट अपडेट. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं आणि दोष कंपाइलरला मिळतो.

मांडवीकर

म्हणजे हेडर हरवणं हा धडा, आणि लगेच ते हरवूच नये म्हणून एका ओळीची आज्ञा! मग शिकला काय तो? एक काहीतरी ठरवा, ताई.

सौ. सेगफॉल्ट

पहिल्यांदा आज्ञेने बांधा. मग एक 'डेव्ह' पॅकेज मुद्दाम काढून टाका आणि काय मोडतं ते बघा. जिंकल्यावर मोडायला मजा येते, हरताना नाही.

रावपुरा_लोकल

विंडोजवाल्यांनी डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स) घ्यावं, विषय संपला. फक्त सोर्स सी ड्राइव्हवर ठेवून तिथे बिल्ड करू नका, फार हळू चालतं. लिनक्सच्या होम फोल्डरमध्येच ठेवा. 'आई बाबा'चा स्पेसही तिथे आडवा येत नाही. विंडोजचीच एक्सई हवी असेल तर एमसिस२ हा विंडोजवरचा बिल्ड टूल्सचा संच आहे, पण त्याचे स्टार्ट मेनूत चार-पाच शॉर्टकट येतात. यूसीआरटी६४ उघडायचं. नुसतं 'एमसिस' उघडून तिथलं जीसीसी वापरलंत तर तुमची एक्सई त्यांच्या डीएलएलला बांधली जाते आणि दुसऱ्याच्या मशीनवर उघडतच नाही.

पीओ_फाइल

मी मराठी भाषांतराचं काम करते. मलाही सांगण्यात आलं होतं की आधी अख्खं सॉफ्टवेअर बांधायला शिक. कशासाठी? गेटटेक्स्ट ही भाषांतराची यंत्रणा वापरणाऱ्या प्रोग्रॅमची पीओ (भाषांतर लिहिलेली) फाइल एमएसजीएफएमटी या टूलने एमओ (प्रोग्रॅम वाचतो तशी) केली, लोकेल फोल्डरात 'एमआर'खाली (म्हणजे मराठीखाली) ठेवली की मेनू मराठीत दिसतो. सी++चा एक शब्दही कंपाइल करावा लागत नाही. मोझिलाकडेसुद्धा फायरफॉक्सचा फक्त इंटरफेस बदलायचा असेल तर आर्टिफॅक्ट बिल्ड आहे; जड भाग तयार उतरतो, आपण वरवरचं बांधायचं. मोठे प्रकल्प स्वतः नवख्यांवर दया करतात, आमच्याच गटाला कसला एवढा ताठा!

सौ. सेगफॉल्ट

तुमची युक्ती बसवलेल्या आवृत्तीपुरती. पुढच्या आवृत्तीत आलेली नवी वाक्यं जुन्या प्रोग्रॅममध्ये नसतातच, मग ती पडद्यावर मावतात की कापली जातात हे कुठे बघणार? त्यासाठी सोर्सची मुख्य शाखा, म्हणजे पुढची आवृत्ती जिथे घडतेय ती, बांधावीच लागते.

पीओ_फाइल

खरंय, पण ती गरज मला सहा महिन्यांनी पडेल. पहिल्या रविवारी नाही.

जुना_कलाभवनी

सयाजीराव महाराजांनी १८९०मध्ये इथे बडोद्यात तंत्रशिक्षणासाठी कलाभवन काढलं ते मुलांनी हातात अवजार धरावं म्हणून. नुसतं तयार घेऊन वापरायचं तर दुकानं तेव्हाही होती. आणि विश्वासाचं काय? सोर्सवरून बांधलं की आपण काय चालवतोय हे आपल्याला माहीत असतं.

मांडवीकर

कलाभवनातही पहिल्या दिवशी कोणी इंजिन ओतायला लावत नसेल, साहेब.

आणि विश्वासाच्या मुद्द्यावर तर मी हटणारच नाही. फाइली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड या टूलचं मार्च २०२४मधलं प्रकरण आठवा. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मागचं दार घातलेलं होतं. मुख्य माल चाचणीच्या फाइलींमध्ये दडवलेला, आणि तो बाहेर काढणारी एम४ (कन्फिगर स्क्रिप्ट घडवणारी) फाइल गिटमध्ये, म्हणजे सोर्सच्या उघड्या साठ्यात, नव्हतीच, फक्त प्रकाशित टारबॉलमध्ये (सोर्सच्या गठ्ठ्यात) होती. म्हणजे खोट नेमकी बिल्डच्या यंत्रणेत, जिथे कोणी डोकावत नाही. आमची पोरं कन्फिगर चालवतात, त्यातली किती ती स्क्रिप्ट वाचतात? तुम्ही वाचता? युनिक्सचे एक जनक केन थॉम्पसन यांनी तर १९८४मध्ये छापून आलेल्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात दाखवून दिलं होतं की कंपाइलरच फितूर असेल तर सोर्स वाचूनही काही कळत नाही.

जुना_कलाभवनी

उदाहरण अर्धंच सांगितलंत. ते दार डेबियनचं किंवा आरपीएम (फेडोरासारख्यांचं) पॅकेज बांधलं जात असेल तरच आत शिरायचं. घरी साधं मेक करणाऱ्याच्या प्रतीत ते उतरलंच नसतं, धोका होता तो तुमच्या लाडक्या तयार पॅकेजांना! आणि सापडलं कसं? आंद्रेस फ्रॉइंड यांना एसएसएच (दूरच्या मशीनवरच्या) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो असा संशय आला आणि ते खोलात शिरले. खोलात शिरता येतं ते बिल्ड कसं होतं हे ठाऊक असणाऱ्यालाच.

मांडवीकर

त्या वेळी गंमत म्हणून तसं जमलं, म्हणून घरचं मेक सुरक्षित ठरत नाही. पुढचा चोर अट उलटी लिहील. आणि फ्रॉइंड पोस्टग्रेस या डेटाबेसचे मुरलेले डेव्हलपर, त्यांची बरोबरी पहिल्या रविवारच्या मुलाशी नको.

वाघोडिया_हॉस्टेल

मोठ्यांच्या भांडणात एक प्रश्न. माझ्या डेस्कटॉपला ४ जीबी रॅम आहे. परवा 'मेक -जे' दिलं आणि माउससुद्धा हलेना. मशीन गेलं का?

रावपुरा_लोकल

मशीन ठीक आहे. 'जे'पुढे आकडा नाही दिला तर मेक जमतील तितकी कामं एकदम सोडतं. 'जे२' दे. जड सी++ची एकेक फाइल एक-दीड जीबी खाऊ शकते, त्यामुळे कोअर मोजू नकोस, रॅम मोज. सीसीकॅशही घालून ठेव. क्लीन करून पुन्हा बांधताना तेच तेच कंपाइल होत नाही. आणि मेकऐवजी निन्जा हवं असेल तर पॅकेजचं नाव 'निन्जा-बिल्ड' आहे.

मांडवीकर

बघा, हेच म्हणतोय मी. ४ जीबीवाल्या पोराला कुठलं सॉफ्टवेअर दिलं होतं बांधायला?

वाघोडिया_हॉस्टेल

एलएलव्हीएम.

सौ. सेगफॉल्ट

अरे देवा! हा अवाढव्य कंपाइलर-प्रकल्प कोणी दिला? त्याचं लिंकिंगच ४ जीबीत गुदमरतं. काका, इथे मी तुमच्या बाजूने. एचटॉप द्या (मशीनवर काय चालू आहे ते दाखवणारा छोटा प्रोग्रॅम), एनकर्सेस लायब्ररी आणि ऑटोटूल्स ही बिल्डची टूल्स असली की जुन्या मशीनवरही चहा निवायच्या आत होतं. नाहीतर जीएनयू हेलो हा नमुना प्रोग्रॅम, तो याच कामासाठी आहे.

मांडवीकर

एचटॉप चालेल. पण गटात येण्याची अट म्हणून नको, ज्याला हवं त्याने करावं.

सौ. सेगफॉल्ट

अट काढली तर कोणी करणार नाही.

मांडवीकर

मग नाही करणार. जवा दो ने, ताई.

जुना_कलाभवनी

मी तर रविवारी एचटॉपचा सोर्स पेन ड्राइव्हवर घेऊन येतोय. अट असो वा नसो.