मदतीसाठी संगीत नाटक: अनुभव धागा

८ जुलै १९२१ ला मुंबईच्या बालीवाला थिएटरात ललितकलादर्श आणि गंधर्व नाटक मंडळी यांनी मिळून टिळक स्वराज्य फंडासाठी खाडिलकरांचं ‘मानापमान’ एकत्र, म्हणजे ‘संयुक्त मानापमान’, केलं. नायक धैर्यधर केशवराव भोसले, नायिका भामिनी बालगंधर्व. ते दोघं होते म्हणून जमलं, हे खरंच. पण आजही रत्नागिरीपासून फोंड्यापर्यंत आणि पुण्या-ठाण्यात नोकऱ्या सांभाळून संगीत नाटक करणाऱ्या हौशी संस्था आहेत आणि शाळा, वृद्धाश्रम, रुग्णसेवा यांच्यासाठी त्या प्रयोग लावतात. ज्यांनी हे काम केलंय त्यांनी इथे लिहावं. ‘खूप मजा आली, टाळ्या मिळाल्या’ एवढं सोडून बाकी सगळं चालेल: पैसे, पट्टी, पडदे, परवानग्या, काय बिघडतं आणि का.

हिशोबनीस

हॉल गच्च आणि शिल्लक शून्य, हा मदतीच्या प्रयोगाचा नेहमीचा शेवट. आकडे मांडून बघा. समजा नाट्यगृह ७०० खुर्च्यांचं आहे. भाडं, ध्वनी-प्रकाश, नेपथ्य आणि त्याचा टेम्पो, कपडेपट, रंगभूषा, साथीदार, छपाई, चहा-जेवण धरून खर्च दीड लाख. सन्मानिका (फुकट पास) ८० गेल्या, बाल्कनीच्या १५० खुर्च्या रिकाम्या राहिल्या. उरलेली ४७० तिकिटं सरासरी ३०० रुपयांनी खपली तर हाती येतात १,४१,०००. म्हणजे ज्यांच्यासाठी खेळ केला त्यांना देणं दूरच, वर नऊ हजारांची खोट.

म्हणून खर्च तिकिटांवर टाकायचाच नाही. तो स्मरणिकेच्या जाहिराती आणि दोन-तीन प्रायोजक यांच्यातून आधी उभा करायचा आणि तारीख पक्की करण्यापूर्वी त्यातला निम्मा तरी हातात असायला हवा. मग तिकिटाचा रुपयान्‌रुपया मदतीला जातो आणि ‘तिकिटाची सगळी रक्कम संस्थेला’ असं जाहिरातीत छातीठोकपणे छापता येतं.

तिकीट ५०० रुपयांच्या वर नेऊ नका. नाटकाच्या प्रवेशाला माणशी ५०० पर्यंत जीएसटी माफ आहे. कुणाला पाच हजार द्यायचे असतील तर ५०० चं तिकीट वेगळं, ४,५०० ची देणगी वेगळी, आणि देणगीची पावती मदत घेणाऱ्या संस्थेची. तिकिटाच्या पैशावर देणगीची आयकर सवलत (८०जी) मिळत नाही, कारण त्याच्या बदल्यात नाटक पाहिलेलं असतं. रोख देणगी दोन हजारांवर गेली तरी सवलत जाते, तेव्हा चेक किंवा यूपीआय, तेही थेट त्या संस्थेच्या खात्यात. कार्यकर्त्याच्या खात्यातून फिरवलेला पैसा कितीही प्रामाणिक असला तरी पुढच्या वर्षी कुजबुज होतेच.

सन्मानिकांचा आकडा पहिल्याच बैठकीत ठरवा आणि लिहून ठेवा. तो वाढत जातो आणि वाढवणारे सगळे आपलेच असतात.

संहिता आणि शिक्के

‘मदतीचा प्रयोग आहे, लेखकाला मानधन कशाला’ हा गैरसमज घट्ट बसलाय. कायद्यात हौशी मंडळींना सूट आहे, पण ती फुकट प्रेक्षकांसमोरच्या प्रयोगाला किंवा धार्मिक संस्थेच्या लाभासाठी केलेल्या प्रयोगाला. तिकीट लावून शाळेसाठी किंवा रुग्णालयासाठी पैसे उभे करणं यात बसत नाही.

लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. किर्लोस्कर आणि देवल यांची नाटकं केव्हाच मोकळी झाली. खाडिलकर १९४८ साली गेले, त्यांचीही २००९ पासून मोकळी. पण शब्द मोकळे झाले म्हणून चाल मोकळी होते असं नाही. मानापमानाच्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या, ते गेले १९५५ साली, म्हणून चालींचा हक्क २०१५ अखेरपर्यंत होता. ‘मत्स्यगंधा’ घ्यायचं तर लेखक कानेटकरांचे आणि संगीतकार अभिषेकीबुवांचे, दोन्ही वारस विचारावे लागतात. परवानगी लेखीच घ्या, आणि त्यात प्रयोगांची संख्या आणि चित्रीकरण यांचा उल्लेख असू द्या. यूट्यूबवर टाकायची परवानगी प्रयोगाच्या परवानगीत आपोआप येत नाही.

महाराष्ट्रात संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, नाट्यगृह त्याची प्रत मागतं. शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.

काळी पाच

पात्रनिवड झाली की त्याच दिवशी प्रत्येक गायक नटाची पट्टी, म्हणजे पेटीच्या कुठल्या काळ्या-पांढऱ्या सुराला षड्ज धरून तो गातो ते, लिहून घ्या. तालमीत हार्मोनियमवर सगळं चालून जातं, खरा प्रश्न तबल्याचा असतो. नायक काळी एक आणि नायिका काळी चार, किंवा काळी दोन आणि काळी पाच, अशी जोडी जमली तर नशीब: तिचा षड्ज म्हणजे त्याचा पंचम, त्यामुळे अडीअडचणीला एकाच तबल्यावर निभावतं. नायिका पांढरी पाच आणि नायक काळी दोन निघाला तर सरळ दोन तबले लावून बसा. प्रवेश बदलताना हातोडी चालवायला वेळ नसतो. तेवढ्यात गद्याची दोन वाक्यं होतात आणि पद सुरू.

द्वंद्वगीताला दोघांच्या मधली पट्टी काढू नका, ती दोघांनाही गैरसोयीची होते. ज्याचा अंतरा जास्त वर जातो त्याची पट्टी घ्यायची, दुसऱ्याने त्यात आपल्या जागा बसवायच्या.

ऑर्गन पायपेटीचा असेल तर बाकी सगळ्यांनी त्याच्याशी जुळवून घ्यायचं. स्वरपट्ट्या (आतल्या रीड) पितळेच्या, जागेवर पट्टी बदलत नाही. जुने ऑर्गन आजच्या प्रमाण स्वराला तंतोतंत जुळतीलच असं नाही, म्हणून इलेक्ट्रॉनिक तानपुरा बटणावरच्या ‘काळी चार’वर लावून मोकळं होऊ नका. ऑर्गनचा सूर धरून तानपुऱ्याचं बारीक चाक फिरवा, आणि हे प्रयोगाच्या दिवशी, त्याच जागेवर करा.

सूर दाबल्याशिवाय वाजत राहिला तर बोटाखालची पट्टी ओलाव्याने फुगून अडकलेली असते. सूर मुका झाला तर बहुधा स्वरपट्टीत कण बसलेला असतो. मऊ ब्रशने काढा, सुरीने खरवडू नका: टोकाला खरवडलं की सूर चढतो, मुळाशी खरवडलं की उतरतो, आणि तो परत आणायला कारागीरच लागतो. टेम्पोत ऑर्गन उभाच न्यायचा, पायपट्ट्या बांधून. त्यावर पडद्यांचे गठ्ठे ठेवणारा स्वयंसेवक प्रत्येक संस्थेत एक असतोच, त्याला दुसरं काम द्या.

आणि साथीदारांना मानधन द्या. नट हौशी असले तरी ऑर्गन आणि तबला वाजवणाऱ्यांची ती संध्याकाळची कमाई असते. कमी देणार असाल तर आधी सांगा, पाकीट उघडल्यावर कळू देऊ नका.

दर्यावरून

कोकणात, गोव्यात उघड्यावर प्रयोग असेल तर वरच्यात एक भर. रात्री दव पडलं की चामडं सैल होऊन तबला उतरतो, आणि तोच दिव्याजवळ असेल तर तापून चढतो. राखीव तबला कापडात गुंडाळून झाकून ठेवा, दिव्याच्या झोतापासून हातभर लांब. जनरेटर असेल तर तो रंगमंचामागे नको, त्याची घरघर रंगमंचाच्या पुढच्या कडेच्या (फूटलाइटच्या) माइकमध्ये आधी येते आणि नांदी नंतर.

विंगेतून

कॉलर माइक की फूटलाइटचे माइक, यावर वाद होत राहतील. माझं मत: पदांच्या नाटकाला पुढे ओळीने तीन ते पाच माइक आणि मुख्य दोन गायकांनाच कॉलर. कॉलर माइकवर जरीचा शेला घासला की खरखर, मोत्यांचा सर हलला की टकटक, आणि ती तालमीत कधीच कळत नाही कारण तालीम साध्या कपड्यांत होते. म्हणून एक तालीम पूर्ण पोशाखात, माइकसकट. नऊवारीत ट्रान्समीटर कमरेला नुसता खोचला तर ओचा सावरताना सुटतो. आधी कापडी पट्ट्यात शिवलेली पिशवी, वर लुगडं.

मिशा-दाढ्यांसाठी स्पिरिट गम लावल्यावर लगेच केस दाबू नका. बोटाला चिकट लागेपर्यंत थांबा. कातडीवर तेल किंवा घाम असेल तर दुसऱ्या अंकात मिशी एका बाजूने लोंबायला लागते. काढताना स्पिरिटच वापरा, ओढू नका.

सामानाची यादी अंकानुसार करा, पात्रानुसार नको. ‘संशयकल्लोळ’ असेल तर तसबीर ही वस्तू नव्हेच, ते पात्र आहे. तिच्या दोन प्रती ठेवा, एक डाव्या विंगेत, एक उजव्या. ती सापडली नाही तर संशयी नवरा फाल्गुनराव याला संशय घ्यायला काही उरत नाही.

वेळेचं गणित वन्समोअरने मोडतं. जुन्या नाटकांत पदं भरपूर, ती सगळी घेऊन तीन तासांत खेळ संपत नाही. संहितेवर तीन रंगांत खुणा करा: घ्यायचीच पदं, एकच अंतरा घ्यायची पदं, आणि उशीर झाला तर गाळायची. गाळायची ठरवलेली पदं ऑर्गनवाल्याला, तबलजीला आणि प्रकाशवाल्याला तिघांनाही माहीत हवीत, नाहीतर नट पुढे जातो आणि ऑर्गन पदाचा सूर देऊन बसतो. सत्राची वेळ उलटली की नाट्यगृह अनामतीतून कापून घेतं.

हिशोबनीस

वरच्यात एवढंच: त्या कापलेल्या रकमेचीही पावती मागा. मदत घेणाऱ्या संस्थेला हिशेब देताना अनामत पूर्ण परत आली असं धरलेलं असतं आणि फरक खजिनदाराच्या खिशातून जातो. चेक रंगमंचावर द्यायचा मोह टाळा. त्या रात्री आकडा पक्का नसतो, नाट्यगृह आणि ऑनलाइन तिकिटवाले पैसे नंतर देतात. आठ-दहा दिवसांनी, सगळी बिलं लागल्यावर, संस्थेत जाऊन द्या आणि हिशेबाची एक प्रत देणगीदारांना पाठवा.