मदत हवी आहे : ग्रीन टी, लठ्ठपणा आणि स्मरणशक्ती

नमस्कार. आम्ही इंदूरला राहतो. सासूबाईंचे वजन बरेच वाढले असून अलीकडे त्यांना विसराळूपणाही जाणवतो. सकाळचे पोहे-जिलबी आणि रात्रीचे सराफा बाजारातले खाणे सुटत नाही, हे इथल्या मंडळींना वेगळे सांगायला नको.

ग्रीन टीमध्ये ईजीसीजी नावाचे कॅटेचिन (चहाच्या पानांतला एक नैसर्गिक घटक) सर्वाधिक असते. चरबी आणि फ्रुक्टोज भरपूर असलेला आहार दिलेल्या उंदरांमध्ये त्यामुळे इन्सुलिनला होणारा प्रतिरोध आणि स्मरणशक्तीची घट, दोन्ही कमी झाल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात नोंदले आहे. पण उंदीर तो उंदीर. माणसांबाबत इतका ठोस पुरावा मला मिळालेला नाही.

घरात कोणीतरी ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्या आणल्या आहेत. मला त्यांचीच धास्ती वाटते, कारण युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये, पूरक गोळ्यांतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा अधिक ईजीसीजी घेतल्यास यकृतावर ताण येऊ शकतो, असे म्हटले होते.

सासूबाई लोहाच्या गोळ्याही घेतात आणि चहाने लोहाचे शोषण घटते, तेव्हा दोहोंत किती अंतर ठेवावे? विसराळूपणासाठी आधी बी-१२ आणि थायरॉइड तपासावे का? आहारतज्ज्ञ किंवा डॉक्टर सभासदांनी कृपया मार्गदर्शन करावे.