दोन फुटी टँकला कुठली लाईट घेऊ? झाडं आहेत, लक्ष द्यायला कोणी नाही

खाडीकाठ_गुहागर:
नमस्कार मंडळी, गुहागरला घरी माशांचा दोन फुटी टँक आहे, २४ बाय १२ बाय १५ इंच, म्हणजे साधारण ७० लिटर. मी नोकरीला रत्नागिरीत, शनिवार-रविवार घरी, बाकी दिवस टँक आई-बाबांच्या भरवशावर आणि त्यांची देखभाल म्हणजे दोन वेळा खाणं टाकणं (खरं तर चार वेळा, पण तो वेगळा विषय). आत दहाएक गप्पी, एक अनुबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरीनची तीन रोपं. दुकानदाराने झाडं आहेत म्हटल्यावर "पावरफुलच लागते" असं सांगून ३६ वॅटची लाल-निळी-पांढरी लाईट गळ्यात मारली. दीड महिन्यात काचेवर हिरवा थर आणि अनुबियासच्या पानांना काळी दाढी (केसाळ काळं शेवाळ) फुटलीय. अजून भारी लाईट घ्यायची की साधी? बजेट हजारभर.

कुडाळचो_माशेवालो:
लाईटचं नंतर बघू, आधी सांग रोज किती तास चालू असते?

खाडीकाठ_गुहागर:
बाबा पहाटे साडेपाचला उठले की लावतात आणि आईची शेवटची मालिका संपली की बंद, म्हणजे रात्रीचे दहा धरा.

कुडाळचो_माशेवालो:
अरे मेल्या, साडेसोळा तास! शेवाळाची तर दिवाळीच. नवीन काय घेव नको, आधी ही सात तासांवर आण.

चिपळूणकर_६५००:
वरच्यांशी सहमत, फक्त थोडं सविस्तर लिहितो कारण मीही याच चुका पैसे मोजून केल्यात. तुमची तिन्ही झाडं मुळात सावलीतली आणि संथ वाढणारी. अनुबियासला महिन्यात एखाद-दुसरं पान आलं तरी नशीब समजा. त्यांच्यावर भरपूर उजेड मारला तर तो वापरायला तेवढा सीओटू (कार्बन डायऑक्साइड) आणि खत पाण्यात नसतं, मग उरलेला उजेड शेवाळ खातं आणि तेही त्याच पानांवर बसून, कारण ती पानं महिनोन्महिने तीच असतात. म्हणून कमी मेंटेनन्सच्या टँकला लाईट कमीच हवी, हे दुकानात कोणी सांगत नाही.

वॅट बघू नका, खोक्यावर लुमेन (उजेडाचं माप) बघा. साध्या झाडांना लिटरमागे १० ते २० लुमेन पुरतात असा ठोकताळा आहे. म्हणजे ७० लिटरला ७०० ते १४००. इलेक्ट्रिकच्या दुकानातली दोन फुटी १० वॅटची एलईडी पट्टी साधारण हजार लुमेन देते, बघा बसतंय की नाही. रंग ६५०० के (केल्विन) घ्या, खोक्यावर कूल डेलाइट लिहिलेलं असतं. लाल-निळी मिळून जी जांभळी लाईट होते त्यात झाडं वाढतात पण हॉलमध्ये बार उघडल्यासारखं दिसतं.

आहे तीच वापरायची तर टँकपासून आठ-दहा इंच वर उचला, अंतर वाढलं की जोर उतरतो. नाहीतर वर तरंगणारी सॅल्व्हिनिया सोडा, फुकटची ताडपत्री. अर्धं पाणी मोकळं राहील एवढीच ठेवा आणि काढलेली विहिरीत किंवा पऱ्ह्यात टाकू नका, ती मग गावभर होते. काळी दाढी धरलेली पानं घासत बसू नका, कात्रीने कापा.

मालवण_रीफ:
मी वेगळं सांगेन. सीओटूचा सिलिंडर लावा, ३६ वॅट पूर्ण वापरा, आठवड्याला अर्धं पाणी बदला, टँक असा दिसेल की पाहुणे उठणार नाहीत.

कुडाळचो_माशेवालो:
आणि पाणी बदलूक कोण जातलो, तू? माणूस आठवड्यातून दोन दिवस घरी असतो रे.

दापोली_ताई:
टायमरबद्दल कोणीच बोललं नाही. बाबांना सात तास सांगून उपयोग नाही, टायमरच लावा. गोल चकतीचा, पिना दाबायचा स्वस्त असतो पण आपल्याकडे पावसात लाईट गेली (घरची, टँकची नव्हे!) की चकती तिथेच थांबते. तीन तास वीज गेली की सगळं वेळापत्रक तीन तास पुढे, माझा टँक ऑगस्टमध्ये रात्री एकपर्यंत उजळलेला असायचा. आतमध्ये बॅटरी असलेला डिजिटल घ्या, तो वीज गेली तरी वेळ धरून ठेवतो. आणि सात तास सकाळचेच हवेत असं काही नाही, दुपारी तीन ते रात्री दहा लावा, घरचे बघायला असतात तेव्हा उजेड. फक्त टँकवर खिडकीचं ऊन पडत नाही ना बघा, नाहीतर टायमरचा काही उपयोग नाही.

दुसरं खारा वारा. माझ्या पहिल्या लाईटचे स्क्रू एका पावसाळ्यात गंजले आणि लाल ओघळ टँकमध्ये. समुद्राजवळ घर असेल तर आयपी ६५ वाली (धूळ-पाणी आत न शिरणारी) बंद पट्टी घ्या, थोडी महाग पडते. वायर बोर्डाकडे नेताना मध्ये खाली झोल पाडा म्हणजे ओघळणारं पाणी झोलावरून ठिबकतं, प्लगमध्ये शिरत नाही. आणि वरच्या काचेवरचे पांढरे डाग महिन्यातून एकदा पुसा, त्यानेच बराच उजेड अडतो.

चिपळूणकर_६५००:
ताईंचा झोलाचा मुद्दा लाखमोलाचा. एक राहिलं, टँकमध्ये किनाऱ्यावरची वाळू किंवा शिंपले नाहीत ना? लिंबू पिळून फेस आला तर चुना आहे, पाणी जड होतं. त्यापेक्षा जांभा बरा, त्यात चुना नाही. लाल पाणी सुटायचं थांबेपर्यंत धुवा आणि अनुबियास त्याला दोऱ्याने बांधा, खोड मातीत पुरू नका, कुजतं. क्रिप्टोची पानं लाईट बदलल्यावर वितळली तर उपटून फेकू नका, मुळातून परत येतात. क्रिप्टो आपल्या कोकणातल्या ओढ्यांतही जंगली उगवते, पण तिथून खणून आणू नका, दुकानातलीच बरी.

खाडीकाठ_गुहागर:
सगळ्यांचे आभार, वाळू नदीची आहे. नवीन काही घेतलं नाही, जुनीच लाईट दोन लाकडी ठोकळ्यांवर नऊ इंच वर चढवली, बॅटरीवाला टायमर लावला, तीन ते दहा. तीन आठवडे झाले, काचेवरचा थर आता बोटाने पुसला जातो, आधी ब्लेड लागायचं. अनुबियासला एक नवीन पान, त्यावर दाढी नाही. अडचण बाबांची. पहाटे मासे दिसत नाहीत म्हणून ते आता टॉर्च मारून बघतात. तेवढं चालेल ना?

दापोली_ताई:
चालेल. टॉर्चबरोबर खाणं टाकत नसतील तर.