जुन्या बोलेरो पिकअपचे मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) बदलायला खरंच एवढा खर्च येतो का?

मिरज_पिकअप:
नमस्कार मंडळी, 2012 ची बोलेरो पिकअप आहे, द्राक्षाचे क्रेट नाहीतर बेदाण्याचे बॉक्स, तासगाव ते सांगली मार्केट यार्ड असं चालू असतं. मागं डाव्या बाजूचा मेन पाटा (सगळ्यात वरचा) तुटलाय, पुढच्या टोकाला बुश (पिनभोवतीची नळी) बसतो त्या गोल वळशाजवळ, गाडी त्या अंगाला बसल्या. एका गॅरेजवाल्यानं खाली वाकून बघितलं न बघितलं तोवर सांगितलं दोन्ही बाजूचे आख्खे सेट टाका, मजुरी धरून 26 हजार. दुसरा म्हणतो नुसता मेन पाटा बदलू, 4 हजारात सुटतंय. एवढा फरक कसा काय? सीझन तोंडावर आलाय, गाडी उभी ठेवून परवडत नाही.

कुपवाडचा_फिटर:
दोघं वेगवेगळं काम सांगायलेत म्हणून फरक. कंपनीचा बांधलेला सेट महाग पडणारच, सुटा लोकल पाटा वजनावर मिळतो. पण तुटला कशानं ते आधी बघा की. बुशजवळ तुटला म्हणजे पहिला संशय बुश आणि शॅकलवर (पाट्याचं टोक चासीला जोडणारी हलती कडी). लोड पडला की पाटा सरळ होतो म्हणजे लांब होतो, त्या लांबीला जागा शॅकल देतो, तोच गंजून जाम असला तर ताण जाणार कुठं? मधी सेंटर बोल्टच्या (सगळे पाटे एकत्र बांधणारा) भोकात तुटला असता तर मी म्हटलं असतं यू बोल्ट (पाटे एक्सलला आवळणारे) ढिले होते. तुमच्या 4 हजारवाल्याला विचारा, यात बुश, पिन, यू बोल्ट धरलेत का. नसतील तर नवीन पाटापण तिथंच तुटणार. हे सगळं दोन्ही बाजूचं धरून माझ्या अंदाजानं 9-10 हजार, लोकल मालात.

कराडकर_ट्रान्सपोर्ट:
फिटर भाऊ बरोबर आहेत पण मी सेटच टाकीन. एवढ्या जुन्या गाडीचे खालचे पाटे बसलेले (सपाट झालेले) असतात, त्यावर नवीन बाकाचा मेन पाटा टाकला की दोघांचं जुळत नाही, मधी फट राहते आणि लोड एकट्या मेनवर येतो. आणि एका बाजूला नवीन, एका बाजूला जुनं तर अजिबात करू नका, गाडी तिरकी उभी राहते, टायर खातात ते वेगळंच. पक्कं बिल घ्या, पार्ट्सवर सप्टेंबर 2025 पासून जीएसटी 28 चा 18 टक्के झालाय, जुन्या रेटनं लावत असतील तर विचारा.

मिरज_पिकअप:
जुने पाटे गॅसनं तापवून बाक देतो म्हणतोय एकजण, आणि वर एक पाटा जादा टाकू म्हणतोय, माल जास्त बसंल म्हणून. चालतंय का?

कुपवाडचा_फिटर:
गॅसनं नको ओ!! नुसता तापवून वाकवला की टेम्पर (पोलादाचा कस) जातो, परत तेलात थंड करून टेम्पर द्यायची सोय असेल तरच, नाहीतर लोड टाकला की परत सपाट. जादा पाट्यानं गाडी कडक होते, रिकामी असताना मागं आपटते, पण पासिंगचं (आरटीओनं मंजूर केलेलं) वजन काय त्यानं वाढत नाही. तोच लोड एक्सल आणि चासीवर जातो.

कराडकर_ट्रान्सपोर्ट:
शिवाय ओव्हरलोडला 20 हजार दंड, वर दर जादा टनाला 2 हजार. एका पावतीत सेटचे पैसे गेले 😅

मिरज_पिकअप:
बरं मग आधी खोलून बघतो, खालचे पाटे ठीक असले तर मेन दोन्ही बाजूचे आणि बुश, नाहीतर सेट. यू बोल्ट जुनेच परत टाकले तर?

कुपवाडचा_फिटर:
नाही, ताणलेले असतात ते, नवीनच घ्या नटासकट, जाडी तीच. एक-दोन खेपा लोडनं झाल्या की परत आवळून घ्या, हे कुणी करत नाही आणि मग सेंटर बोल्ट तुटून एक्सल सरकतो. ब्रेकची एलएसपीव्ही (लोडप्रमाणे मागच्या ब्रेकचं प्रेशर ठरवणारी व्हॉल्व्ह) असेल तर तिची सेटिंगपण बघायला सांगा, मागची उंची बदलली की मागच्या ब्रेकला प्रेशर कमी-जास्त जातंय.