मदत हवी आहे: होडीतल्या स्टिरिओत इंजिनाचा घुंईऽऽ आवाज, रेस दिली की चढतो

नमस्कार मंडळी. देवबागला आमची फायबरची होडी आहे. पेट्रोलवरचं आउटबोर्ड इंजिन, सेल्फ स्टार्ट, १२ व्होल्टची एकच बॅटरी. डॉल्फिन दाखवायला आणि सिंधुदुर्ग किल्ल्याला बाहेरून वळसा घालायला पर्यटकांना घेऊन जातो. होडीत ब्लूटूथ डेक (गाणी वाजवणारा प्लेअर), आवाज मोठा करणारा चार चॅनलचा अ‍ॅम्प आणि चार मरीन स्पीकर आहेत. डेकला माइकही जोडलेला आहे.

इंजिन बंद असताना आवाज काचेसारखा स्वच्छ. इंजिन चालू केलं की स्पीकरमधून घुंईऽऽ सुरू होतं आणि रेस वाढवली की सूरही वर चढत जातो. गाण्यांचं मी चालवून घेईन, पण माइकचं नाही. निघताना लाइफ जॅकेटचे पट्टे कसे आवळायचे, कुठे उभं राहायचं नाही, हे मी माइकवरूनच सांगतो. मागे बसलेल्या आजी-आजोबांना त्यातलं एक अक्षर कळत नाही. किल्ल्याजवळ कुरटे बेट, १६६४ साली सुरू झालेलं बांधकाम, आतल्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी, हे सगळं मोठ्या हौसेने सांगतो. तेही या घोंघाटात बुडतं.

आतापर्यंत काय पाहिलं ते लिहितो. डेकचा व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी घुंई तेवढीच राहते. अ‍ॅम्पमागच्या लाल-पांढऱ्या आरसीए पिना (डेकमधून आवाज आणणाऱ्या केबलच्या) काढल्या की पूर्ण गप्प. बॅटरीवर इंजिन बंद असताना १२.६ व्होल्ट, रेसवर १४.१. हे वायरिंग बाहेरच्या एका इलेक्ट्रिशियनने केलं. तो म्हणतो, अ‍ॅम्पच बदला. दुकानदार म्हणतो, पॉझिटिव्हवर फिल्टर बसवा. पैसे घालायची तयारी आहे, पण आवाज नक्की कुठून शिरतोय हे कळल्याशिवाय काही घ्यावंसं वाटत नाही. जाणकारांनी मार्ग दाखवावा.

प्रतिसाद १
दादा, आमच्या होडयेत पण असोच आवाज येय होतो. आमच्याकडे फोन चार्जरला लावलेला असायचा आणि त्याच फोनमधून ऑक्स केबलने गाणी. चार्जर काढला की गप्प. तुमच्याकडे ब्लूटूथ आहे म्हणता, तरी होडीतले सगळे यूएसबी चार्जर, फिशफाइंडर, पाणी उपसायचा पंप एकेक बंद करून बघा. फुकटातली तपासणी आधी.

प्रतिसाद २
अ‍ॅम्प बदलू नका, तो चांगला आहे. तुम्हीच दिलेल्या दोन निरीक्षणांत अर्धं उत्तर आहे. व्हॉल्यूम शून्यावर असतानाही आवाज तेवढाच, म्हणजे तो व्हॉल्यूमच्या पुढे कुठेतरी शिरतोय. आरसीए काढल्यावर गप्प, म्हणजे अ‍ॅम्पच्या सप्लायमधून येत नाही. मधे उरली ती आरसीए केबल आणि डेक-अ‍ॅम्पचं निगेटिव्ह. म्हणून पॉझिटिव्हवरच्या फिल्टरने तुमच्याकडे फार फरक पडेल असं मला वाटत नाही.

आता एवढंच बघा: डेकचं निगेटिव्ह कुठे जोडलंय आणि अ‍ॅम्पचं कुठे? फायबरच्या होडीला गाडीसारखी लोखंडी बॉडी नसते. प्रत्येक निगेटिव्ह वायरीनेच बॅटरीपर्यंत परत यावं लागतं. कोणी ती वाटेत इंजिनाच्या ब्लॉकवर टेकवली, तर चार्जिंगचा करंट ज्या केबलमधून वाहतो तिच्यावरचा व्होल्टेज ड्रॉप तुमच्या डेकच्या निगेटिव्हवर चढतो. तो सरळ नसतो, इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर थरथरत असतो. आरसीएच्या बाहेरच्या जाळीतून तो अ‍ॅम्पमध्ये पोचतो आणि अ‍ॅम्प त्याला गाणं समजून मोठा करतो. यालाच ग्राउंड लूप म्हणतात.

मल्टीमीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवा. एक टोक डेकच्या निगेटिव्हला, दुसरं अ‍ॅम्पच्या निगेटिव्हला. इंजिन बंद आणि मग रेसवर, दोन्ही आकडे इथे टाका.

दोन गोष्टी कृपा करून पाळा. चालू इंजिनावर बॅटरीची केबल कधीही काढू नका, रेक्टिफायर-रेग्युलेटर (इंजिनाची वीज बॅटरीजोगती करणारा भाग) उडू शकतो. आणि लूप तोडायचा म्हणून डेकचं निगेटिव्ह मोकळं सोडू नका. मग डेकचा सगळा करंट आरसीएच्या जाळीतून परत जायला बघतो आणि आतला ट्रॅक जळतो.

प्रतिसाद ३
आरसीएच्या मधे ग्राउंड लूप आयसोलेटर (निगेटिव्हची जोडणी तोडून फक्त आवाज पुढे देणारी डबी) टाका, पाच मिनिटांचं काम आहे. मी तसंच केलंय. स्वस्तातल्या आयसोलेटरने बास थोडा पडतो, पण माइकच्या बोलण्याला त्याची गरजही नाही.

धागाकर्ता
सगळ्यांचे मनापासून आभार. चार्जर, फिशफाइंडर, पंप बंद केले, फरक नाही. मग कन्सोल उघडला. अ‍ॅम्पचं निगेटिव्ह थेट बॅटरीवर आहे. डेकचं मात्र कन्सोलमधल्या पट्टीवर, आणि त्या पट्टीची वायर बॅटरीकडे न जाता इंजिनाच्या बॉडीवरच्या बोल्टवर! शिवाय इंजिनाची जाड निगेटिव्ह केबल बॅटरीच्या टोकाला पार कळकली आहे. थिंबल (केबलच्या टोकाचं धातूचं कडं) सोडवलं तर आतल्या तारा हिरव्या, बोट लावलं की भुगा. मिलिव्होल्ट: इंजिन बंद असताना ५, रेसवर १८०.

तात्पुरती एक वायर डेकच्या निगेटिव्हपासून थेट अ‍ॅम्पच्या निगेटिव्हला लावली आणि इंजिन चालू केलं. घुंई जवळजवळ नाहीशी झाली. आता बारीक टिकटिक उरली आहे, रेसबरोबर तीही जलद होते. ती कशाची? आणि कायमची वायर किती जाडीची घालू? बॅटरी ते कन्सोल चार मीटर, अ‍ॅम्पचा फ्यूज ३० अँपिअरचा.

प्रतिसाद २
१८० मिलिव्होल्ट! मग दुसरं कारण शोधायला नको. आयसोलेटरने आवाज दबला असता, पण ती कुजलेली केबल तशीच राहिली असती आणि एखाद दिवशी खाडीच्या तोंडावर इंजिनाने सेल्फ घेतला नसता. आधी ती बदला.

डेकचं निगेटिव्ह पट्टीवरून काढून अ‍ॅम्पच्याच बिंदूवर न्या आणि पट्टीची वायर बॅटरीवर आणा. अ‍ॅम्पला १० चौरस मिलिमीटर पुरेल, पूर्ण लोडवरही जाऊन-येऊन साधारण ०.४ व्होल्ट पडतील. डेकला अडीच. तार कल्हई केलेल्या तांब्याची घ्या, साधं तांबं खाऱ्या हवेत टिकत नाही. थिंबल दाबून बसवा, वर गोंद असलेली हीटश्रिंक (गरम केली की आवळणारी नळी) चढवा. आरसीए एका बाजूने आणि बॅटरीची केबल दुसऱ्या बाजूने न्या. काम सुरू करण्याआधी बॅटरी ठेवलेल्या कप्प्याचं झाकण उघडून आत साठलेली पेट्रोलची वाफ जाऊ द्या.

टिकटिक स्पार्कची आहे. ती हवेतून पकडली जाते, त्यामुळे निगेटिव्ह सुधारून पूर्ण जाणार नाही. स्पार्क प्लग रेझिस्टरवाले (असा आवाज दाबणारा रोध आत असलेले) आहेत का बघा, बऱ्याच कंपन्यांच्या नंबरात आर हे अक्षर असतं. पण नंबर इंजिनाच्या पुस्तकात दिलाय तोच घ्या, मनाने बदलू नका. प्लगच्या कॅपला तडा असेल तर रात्री अंधारात इंजिन चालू करून लांबूनच बघा, निळी ठिणगी दिसेल.

धागाकर्ता
प्लगच्या नंबरात आर नाही, पुस्तकात मात्र आरवालाच दिलाय. उद्या मालवणात जाऊन प्लग, केबल आणि थिंबलं आणतो. वायरिंग झालं की माइकवर बोललेलं रेकॉर्ड करून इथेच टाकतो.